दोन जिल्ह्यांतलं बेट

कांतीभाऊ गेले त्याला आता दीड वर्ष होईल. त्यांच्या दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आलं आहे आणि तिथे दिवसभर कसली तरी गाणी वाजत असतात. मला मात्र संध्याकाळी साडेपाच वाजले की अजूनही वाटतं, आता भिंतीपलीकडून हाक येणार. "पाटील, बघा हो, सूर्य कुठं आला?" मग मी हातातलं बाइंडिंग टाकून ओट्यावर जायचं, समोरच्या धान्याच्या गोदामावरून मान उंच करून बघायचं आणि ओरडून सांगायचं, "अजून हातभर आहे!" बावीस वर्षं मी ही नोकरी बिनपगारी केली.

माझं स्टेशनरीचं दुकान, त्यांचं भांड्यांचं. मध्ये एक भिंत. जळगावच्या जुन्या बाजारातली आमची ओळ तशी अरुंदच, त्यामुळे शेजाऱ्याची शिंकसुद्धा आपली वाटते. कांतीभाऊ जैन मारवाडी. त्यांचे आजोबा राजस्थानातून धुळे जिल्ह्यात साक्रीकडच्या एका खेड्यात आले, आणि कांतीभाऊ लग्नानंतर जळगावला. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी, माझ्याशी स्वच्छ मराठी आणि राग आला की हिंदी, अशी त्यांची वाटणी होती. राग फार क्वचित यायचा म्हणून हिंदी कच्ची राहिली, असं मी त्यांना चिडवायचो.

सूर्य मावळल्यावर ते काही खात नसत, पाण्याचा थेंबही घेत नसत. त्यांच्यात याला चौविहार म्हणतात. आईनं लहानपणी लावलेली शिस्त त्यांनी चाळीस वर्षं एकदाही मोडली नव्हती. एकदा आम्ही यावलहून एका लग्नाहून परत येत होतो आणि बस केळीच्या बागांमध्ये बंद पडली. पुढे झाडं, मागे झाडं, सूर्य कुठे दिसेना. कांतीभाऊ डबा हातात घेऊन बसच्या मागच्या शिडीवर चढले. वरून एक डोळा पश्चिमेकडे ठेवून त्यांनी अडीच पोळ्या संपवल्या, पाणी प्यायले, हात जोडले आणि मग खाली उतरले. बसमधली सगळी माणसं खाली उभी राहून हे बघत होती. एक म्हातारा म्हणाला, "भाऊ, आते पुरं व्हयनं का? मंग बुडू द्या त्याले." कांतीभाऊ सगळ्यांत जास्त हसले.

धंद्यातही त्यांची एक तऱ्हा होती. भांडं विकण्याआधी ते बोटाच्या पेरानं त्यावर टिचकी मारायचे आणि गिऱ्हाइकाच्या कानाशी धरायचे. पारोळ्याकडच्या बाया लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला यायच्या. त्यांना म्हणायचे, "आवाज आयका अक्का. भांडं खोटं बोलस नही." एखाद्या हंड्याचा आवाज त्यांना पटला नाही तर गिऱ्हाइकानं पसंत केलेला हंडाही ते आत ठेवून द्यायचे. त्यांच्या मुलाला हे अजिबात आवडत नसे. तो पुण्याला नोकरीला गेला आणि तिकडचाच झाला.

धाकटी निकिता. ती माझ्या दुकानात नकाशे बघत मोठी झाली. चौथीत असताना एकदा तिनं मला विचारलं, "काका, बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी. मग मधली माणसं बाहेर कशी येतात?" मी म्हटलं, होडीनं. ती तशीच भिंतीपलीकडे गेली आणि वडिलांना म्हणाली, मला होडीत बसून बेटावर जायचंय. कांतीभाऊ म्हणाले, "पुढच्या सुट्टीत नक्की."

भांड्यांच्या दुकानदारानं असा शब्द देऊ नये. दिवाळीच्या सुट्टीत धनत्रयोदशी येते, त्या दिवशी अख्खा खानदेश भांडं घ्यायला बाहेर पडतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत लग्नसराई. पोरांना सुट्टी लागली की यांना मान वर करायला फुरसत नसायची. पुढची सुट्टी, त्याच्या पुढची सुट्टी, असं करता करता निकिता शाळेतून कॉलेजात गेली, एम.कॉम. झाली, कॉलेजात शिकवायलाही लागली. बेटाचा विषय तिनं परत काढला नाही. तेच कांतीभाऊंना लागून राहिलं होतं.

ती सव्वीस वर्षांची झाली तेव्हा एकदाचा त्यांनी निर्धार केला. कोकणातल्या एका होडीवाल्याचा नंबर कुठून तरी मिळवला. जुन्या घाटणीची लाकडी होडी, दोन दिवस, तीन बेटं, असा बेत ठरला. फोनवर त्यांनी विचारलं, जेवणाची काय सोय? तो म्हणाला, "काळजीच नको शेठ, सुरमई, पापलेट, जे म्हणाल ते." हा किस्सा त्यांनी आमच्या ओळीतल्या प्रत्येकाला सांगितला. शेवटी डबे घरून न्यायचे ठरले. इतका उत्साही माणूस मी त्या आधी पाहिला नव्हता.

आणि त्याच आठवड्यात निकितानं घरी सांगितलं, की तिला दीक्षा घ्यायची आहे.

पावसाळ्याचे चार महिने ती रोज पहाटे स्थानकात, म्हणजे जैन साध्वींचा मुक्काम असतो तिथे, जात होती, हे सगळ्यांना माहीत होतं. पुष्कळ मुली जातात. पण हिनं मनाशी पक्कं केलं होतं. केस, कपडे, घर, नाव, सगळं सोडून साध्वी व्हायचं. मग आयुष्यभर अनवाणी, पायी. गाडी नाही, बस नाही, होडीही नाही. त्याची तयारी म्हणून तिनं महासतीजींकडून, म्हणजे स्थानकातल्या मोठ्या साध्वींकडून, एक व्रतही घेतलं होतं. त्याला दिशामर्यादा म्हणतात. दीक्षा होईपर्यंत जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही.

झालं, कोकण बुडालं.

मी त्या वेळी जे बोललो ते आज लिहायला हरकत नाही. मी म्हणालो, "कांतीभाऊ, शिकलेली पोरगी आहे, एका चातुर्मासात असं कसं? तुम्ही नाही म्हणा." मला ते तेव्हा पटलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर आजही पटत नाही. खिशातून एक घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. आज्ञापत्र. आई-वडिलांनी लिहून दिल्याशिवाय दीक्षा मिळत नाही. खाली विमलाभाभींची सही होती. त्यांच्याशेजारची जागा कोरी होती. "तिची आई एका दिवसात रडून मोकळी झाली," ते म्हणाले. "मला जमत नाही पाटील."

पुढचे तीन महिने तो कागद त्यांच्या खिशात होता. दर चार-आठ दिवसांनी ते माझ्याकडे यायचे आणि एक पेन विकत घ्यायचे. सही करायला चांगलं पेन हवं म्हणून. दोन दिवसांनी परत, "ह्याची शाई पसरते." मग, "ह्याचं टोक कागद फाडतं." दुकानातली सगळी पेनं संपली तेव्हा मी म्हटलं, आता जळगावातलं दुसरं दुकान बघा. ते हसले आणि तिथेच स्टुलावर बसून रडले. मी शटर अर्धं ओढून घेतलं. दुसरं काय करणार?

एके दिवशी येऊन म्हणाले, "जळगाव जिल्ह्याचा नकाशा काढा." मी शाळेचा मोठा नकाशा काउंटरवर पसरला. त्यांनी चष्मा पुसला आणि निळा रंग शोधायला लागले. बोट तापीवरून हळूहळू पूर्वेकडे सरकत भुसावळच्या पुढे गेलं.

"ह्याच्यात बेट दाखवा."

"खानदेशात बेट?" मी म्हटलं. "वाळवंटात कमळ मागताय."

पण त्यांनी चिकाटी सोडली नाही. थंडीत पक्षी बघायला जाणाऱ्या एका प्राध्यापकानं त्यांना सांगितलं, की हतनूर धरणाच्या फुगवट्यात, तापी आणि पूर्णा मिळतात त्या बाजूला, पाण्यात मातीची टेकाडं उरतात आणि तिथले भोई लोक होडीनं तिकडे नेतात. दुसऱ्याच दिवशी कांतीभाऊ दुकान बंद करून तिकडे. येताना मला म्हणाले, "चार बेटं आहेत. जिल्ह्याच्या आत. मी तलाठ्याला विचारून घेतलं."

होडीवाल्याचं नाव सुपडूभाऊ. साठीचा, काटक, बोलायला फटकळ माणूस. त्याची होडी म्हणजे डांबर फासलेली जुनी लाकडी होडी, बापापासून चालत आलेली. एरवी मासेमारीची. कांतीभाऊंच्या अटी ऐकून तो चक्रावला होता. होडी दोन दिवस आधी राखेनं घासून धुवायची. त्या दिवशी जाळं होडीत ठेवायचं नाही, पाण्यातही टाकायचं नाही. सुपडूभाऊ म्हणाला, "भाऊ, मासा नाही धरायचा तं होडी काय आरती ओवाळाले हाये?" मग कांतीभाऊंनी त्याला सगळं सांगितलं. मुलगी, दीक्षा, सगळं. तो म्हणाला, "बरं. एकादस समजू."

मला सोबत न्यायचं कारण त्यांनी उघड सांगितलं. "तुम्ही तापीत पोहायला शिकलात ना? मला येत नाही, तिला येत नाही." म्हणजे मी पाहुणा नव्हतो, हवेची ट्यूब होतो. विमलाभाभी घरी थांबल्या. नातेवाईक यायला लागले होते.

संक्रांतीनंतरचे दिवस, थंडी होती, पाणी शांत. कांतीभाऊ होडीच्या मधोमध दोन्ही काठ घट्ट धरून बसले. निकिता पुढे, पांढऱ्या सलवार-कमीजमध्ये. सुपडूभाऊनं बांबूनं होडी ढकलली आणि मग वल्हं घेतलं. पहिलं बेट आलं तेव्हा कांतीभाऊंनी खरोखर टाळी वाजवली, आणि काठ सुटला म्हणून घाबरून परत धरला.

बेट म्हणजे काय, गाळाचा उंचवटा, चार बाभळी, वाळलेलं गवत आणि पक्ष्यांची शीट. निकिता उतरली आणि कडेकडेनं चालत गेली. मिनिटभरात चक्कर पूर्ण करून आमच्यासमोर येऊन उभी राहिली. "पप्पा, खरंच चारी बाजूंनी पाणी आहे." इतकंच म्हणाली, पण चौथीतल्या आवाजात म्हणाली. कांतीभाऊंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत आशा होती, आणि ती बघून मला भीती वाटली.

दुपारी त्याच बेटावर जेवलो. तिला लहानपणापासून जे जे आवडायचं ते सगळं त्यांनी भाभींकडून करून घेतलं होतं. डबे मांडता मांडता सतरंजी पुरेना. तिचा ताटात तीनच पदार्थ घेण्याचा नेम होता. तिनं तीन घेतले. बाकीचे डबे कांतीभाऊंनी एकेक करून परत बंद केले. "संध्याकाळी निघण्याआधी खाऊ," ते म्हणाले. उकळलेल्या पाण्याचा कॅनही झाकून ठेवला.

दुसऱ्या बेटावर बदकांचा मोठा थवा बसला होता. ते उडतील, उगाच त्रास होईल, म्हणून निकितानं लांबूनच होडी वळवायला सांगितली. सुपडूभाऊला हे पटलं नाही, पण त्यानं वळवली.

तिसऱ्या बेटावर कांतीभाऊंनी विषय काढला. मी उठून लांब जायला लागलो तर म्हणाले, "बसा पाटील. मला एकट्याला जमायचं नाही." मग बोलायला लागले. आधी म्हणाले, एक वर्ष थांब. मग म्हणाले, सहा महिने. मग कसलीच मुदत न मागता जुन्या गोष्टी सांगायला लागले. ती तापानं फणफणली होती ती रात्र, तिची पहिली सायकल, शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती स्टेजवर विसरली आणि त्यांनी प्रेक्षकांतून ओळ सांगितली, ते. माणूस आयुष्यभर दुकानात एकेका वाक्यात बोलला होता. त्या दिवशी धरण फुटावं तसा बोलला.

निकितानं मध्ये एकदाच तोंड उघडलं. "पप्पा, तुम्ही नाही म्हणालात तर मी जाणार नाही. तुमच्या सहीशिवाय ते घेणार नाहीत आणि मलाही तसं नको. मी घरीच राहीन. चिडून नाही राहणार." यानं त्यांना धीर यायला हवा होता. पण त्यांचा चेहरा पडला. आता सगळं त्यांच्याच हातात आलं होतं. तरी ते बोलतच राहिले आणि ती गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकत राहिली.

"भाऊ," सुपडूभाऊ होडीतून म्हणाला, "दिवस बुडला. धुकं यीन आता. निघा."

कांतीभाऊ ताडकन उठले. त्यांनी पश्चिमेकडे बघितलं. पाण्यावर नुसता तांबूस रंग होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा या माणसाला सूर्य कुठे आहे याची शुद्ध राहिली नव्हती. आणि ज्यानं वीस वर्षं त्यांना ते ओरडून सांगितलं, तो मीही तिथे माठासारखा बसून होतो.

डबे तसेच. पाण्याचा कॅन तसाच. दुपारनंतर तिनं पाणी घेतलं नव्हतं. आता उद्या सूर्य वर येईपर्यंत घेता येणार नव्हतं.

"तुला तहान नव्हती लागली?"

"लागली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलत होतात ना पप्पा," ती म्हणाली. "इतकं तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात."

कांतीभाऊंनी हात जोडले, देवाला की तिला ते मला कळलं नाही. "मी माझ्या पोरीला तहानलेली ठेवली," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. ती त्यांना समजावत होती, हसत होती, एका रात्रीनं काही होत नाही म्हणत होती. तिचे ओठ सुकले होते. चौथ्या बेटाकडे कोणी बघितलंही नाही. परतीच्या वाटेवर कांतीभाऊंनी होडीचा काठ धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मला विमलाभाभींनी सांगितलं. सूर्य उगवल्यावर दोन घटका जाव्या लागतात, मग पाणी घेता येतं. कांतीभाऊ पहाटेपासून हातात पेला घेऊन तिच्या दाराशी उभे होते. वेळ झाली, ती पाणी प्याली. पेला रिकामा झाल्यावर त्यांनी तो हातातून खाली ठेवला, खिशातला कागद स्वयंपाकघराच्या ओट्यावर पसरला आणि फ्रिजवर पडलेल्या साध्या पेनानं सही केली.

दुकानात आले तेव्हा मी चिडलो. "का केलीत? ती थांबते म्हणाली होती!"

"म्हणूनच केली," ते म्हणाले. "ती थांबली असती. काल तहानलेली बसली तशीच जन्मभर बसली असती, आणि मला कळलंही नसतं."



दीक्षा धुळ्याला झाली. रथातून मिरवणूक निघाली. तिनं वस्तू, कपडे लोकांना वाटले. तिच्या लग्नासाठी माळ्यावर जमवून ठेवलेली भांडी कांतीभाऊंनी स्वतः रस्त्यात उभं राहून वाटली, एकालाही टिचकी न मारता. मांडवात वडिलांना आज्ञापत्र मोठ्यानं वाचावं लागतं. त्यांनी वाचलं. "आमची मुलगी" या शब्दांपाशी आवाज बसला, हजारभर माणसं थांबली, मग त्यांनी पुढचं वाचलं. ती केस उतरवून, पांढऱ्या वस्त्रात, तोंडाला मुहपत्ती, म्हणजे पांढरी कापडी पट्टी, बांधून परत आली तेव्हा बापानं खाली वाकून लेकीला वंदना केली. मला ते बघवलं नाही. मी मांडवाबाहेर जाऊन उसाचा रस घेतला आणि तसाच ठेवून दिला. तिला मिळालेलं नवं नाव मी इथे लिहीत नाही. माझ्या तोंडी ते अजून बसलेलं नाही.

त्यानंतर कांतीभाऊंचं दुकानात लक्ष राहिलं नाही. दर संध्याकाळी हाक मात्र यायची. तिला भेटायला जायचे तेव्हा लांब बसायचे, कारण साध्वीला पुरुषाचा स्पर्श चालत नाही, बापाचाही नाही. "काय बोलता?" मी विचारायचो. "सुखसाता आहे का, असं विचारायचं असतं," ते म्हणायचे. "जेवलीस का, असं विचारायचं नसतं." मग साध्वींचा मुक्काम हलायचा असला की कांतीभाऊ दुकान बंद करून त्यांच्यासोबत पायी जायला लागले. एका गावाहून दुसऱ्या गावापर्यंत सोबत करायची, पोचवायचं आणि बसनं परत यायचं. गुडघे दुखायचे. विमलाभाभी ओरडायच्या. पुढच्या वेळी ते परत जायचे.

दोन वर्षांनी, पावसाळ्यात, झोपेतच गेले. ती तेव्हा धुळ्याला चातुर्मासात होती. निरोप पोचवला. येणं शक्य नव्हतंच. तिनं तिथेच उभं राहून ध्यान केलं, असं निरोप घेऊन गेलेल्या माणसानं सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, मुहपत्ती होती, काही दिसलं नाही.

मी कांतीभाऊंना शेवटचं नीट पाहिलं ते त्याच वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडाला. नंतर भेटी झाल्या, बोलणं झालं, पण डोळ्यांसमोर येतं ते हेच. मी सकाळच्या बसनं भुसावळहून मुक्ताईनगरला चाललो होतो. महामार्गावर केळीचे ट्रक एकामागून एक सुसाट पळत होते. पुढे रस्त्याच्या कडेनं पाच साध्वी एका ओळीत चालल्या होत्या, नजर खाली, आपल्या पावलांपुढे. शेवटची तीच होती, चालीवरून ओळखली. तिच्या बाजूनं, पण दोन हात अंतर राखून, कांतीभाऊ चालले होते. ते डांबरावर होते, ती मातीवर. वाहनं जी यायची ती त्यांच्या अंगावरून.

मी खिडकीतून डोकं काढून जोरात हाक मारली, "कांतीभाऊ!"

त्यांनी हात वर केला. मला बरं वाटलं, म्हटलं ओळखलं. मग लक्षात आलं, त्यांनी माझ्याकडे बघितलंच नव्हतं. ते आमच्या ड्रायव्हरकडे बघत होते, आणि तो हात वरखाली करून त्याला सांगत होते, हळू, हळू. ड्रायव्हरनं बस हळू केली. शेवटचं चाक तिच्या पुढे जाईपर्यंत ते हात तसाच धरून होते.